जाड आवाज

बामणोलीच्या वर, कुठल्याशा खिंडीत
गाडी थांबली तेव्हा धाकलू ढेबे
घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन आधीच उभा.
खिशात मीठ-तंबाखूची पुरचुंडी, जळवांसाठी.
कारवीतून वाट नव्हतीच;
त्याचा कोयता जाईल तिथे ती व्हायची
आणि आमच्यामागे मिटायची.

धबधब्याचं नाव विचारलं.
म्हणाला, “नाव कशाला? हाक थोडीच मारायचीय.”
मग थोडं चालून, स्वतःशीच:
“आमची चांदी म्हस हितनं गेली.
तवापास्नं चांदीचं पाणी.”

तीन धारा. मधली दिसायची नि धुक्यात बुडायची.
आम्ही फोन प्लास्टिकमधून काढले, पुसले, पुन्हा पुसले.
तो पाण्याकडे पाठ करून बसला,
कान मात्र तिकडे.

“उठा.”
अजून पाचच मिनिटं, मी म्हटलं.
“आवाज जाड झालाय. वर कुटंतरी वतलंय.
मागं वढा हाय, त्यो वाट बघत न्हाई.”

ओढ्यात त्याने माझं मनगट धरलं,
दावं धरावं तसं,
मागे न बघता.

साताऱ्याच्या लॉजवर रात्री मोजे पिळले.
फोटोत नुसतं पांढरं.
बाथरूमचा नळ गळत होता;
दोनदा उठून ऐकून आलो.
पातळच होता.