कलीमा

ला पाल्मा बेटावर, ढगांच्या वरच्या अंगाला,
माणसं दुपारी चारला उठतात आणि दात घासतात.
इदाइरा दुर्बीण चालवते.
तिचा मामा एउफेमियानो खाली गाराफियात शेळ्या राखतो.
आणि त्येर्द, उंच, डच, सदा खोकणारा,
अकरा वर्षं एकाच ताऱ्यासाठी इथे येतो,
जसं कुणी गाव सोडल्यावरही
जुन्याच न्हाव्याकडे जातं.

ग्रह दिसत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.
दिसतो तो तारा, आणि त्याची चाल.
काही वर्षं अंमळ आपल्याकडे, काही वर्षं अंमळ दूर,
सेकंदाला वीस मीटर,
उतारावर सोडलेली मोटरसायकल.
मामाला यात नवल वाटत नाही.
अंधारात माणूस असा हिसके खात चालला,
तर दाव्याच्या दुसऱ्या टोकाला बोकड असतो, म्हणतो.
किती मोठा, ते हिसक्यावरून कळतं.

बोकड गुरूएवढा, कदाचित थोडा जास्तच.
तारा मात्र लाल, मंद, किरकोळ बांध्याचा.
एवढ्याशा घरात एवढं दांडगं पोर
आलं कुठून?

त्येर्दचे गुरुजी म्हणायचे, धुळीतून. सावकाश.
कणाला कण, खड्याला खडा, मग धोंडा, मग गाभा,
आणि गाभा पुरेसा जड झाला की
भोवतालचा वायू घटाघटा पिऊन घेतो.
फक्त पंगत उठायच्या आत पानावर बसायला हवं.
वायूची ती तबकडी काही लाख वर्षांत विरते,
आणि लहान ताऱ्याच्या दारी वाढपी घाईत असतात.

दुसऱ्या टोळीचं म्हणणं, छे,
दूध नासावं तसं ते.
तबकडी गार होते, जड होते,
आणि एका ठिकाणी, एकदम.

त्येर्द दोन्ही टोळ्यांत जेवलाय.
त्याला फक्त फेरा पुरा झालेला बघायचा होता.
आलेखावर एकशे त्रेचाळीस ठिपके,
वर चढलेले, खाली उतरलेले,
पुन्हा चढून जवळजवळ पहिल्या ठिपक्यापाशी आलेले.
जवळजवळ.
गुरुवारची रात्र उरली होती. सोमवारपासून पेन्शन.

बुधवारी संध्याकाळी पूर्वेचं आभाळ पिवळं झालं.
सहाराची धूळ समुद्र ओलांडून आली.
तिला इथे कलीमा म्हणतात,
आपल्या काळिम्याच्या उंबऱ्यावरचा शब्द,
रंग तेवढा हळदीचा.
इदाइराने घुमट मिटला.
आरशावर धूळ बसू द्यायची नसते.
त्येर्द काही बोलला नाही. खोकला.

गुरुवारीही तेच.
मग तिने त्याला गाडीत घातलं आणि खाली मामाकडे नेलं.

मामा कातडी पिशवीत गोफियो मळत होता,
भाजक्या धान्याचं पीठ, आपल्या सातूच्या पिठाचं
दूरचं, खारट भावंडं.
पाण्याचा हबका मारायचा, तोंड आवळायचं,
मांडीवर पिशवी लोळवत राहायचं.
आत काय चाललंय ते दिसत नाही.
त्येर्द बघत बसला.
मध्येच विचारलं, झालं हे कसं कळतं?
मामा म्हणाला, मांडीला कळतं.
इदाइराने हे स्पॅनिशमधून इंग्रजीत सांगितलं
तेव्हा ते जरा मूर्खपणाचं वाटलं,
तरी त्येर्दने पिशवी मागून घेतली
आणि आपल्या लांबलचक मांडीवर ठेवली.
बराच वेळ पीठच होतं.
मग, कुठल्या घडीला ते त्याला सांगता आलं नाही,
गोळा होता.
तो खाल्ला सगळ्यांनी. दाताखाली वाळू लागली.
आफ्रिका, मामा म्हणाला.

शनिवारी त्येर्द गेला.
नियंत्रण कक्षात आलेखाची छापील प्रत ठेवून गेला,
शेवटच्या ठिपक्याच्या जागी
पेन्सिलीने काढलेलं रिकामं वर्तुळ,
खाली तारीखही नाही.

रविवारी आभाळ धुतल्यासारखं.
इदाइराने जिन्याचा कठडा पुसला, दाराच्या फटी पुसल्या,
फडकं बादलीत तीनदा पिळलं.
बादलीत पिवळं पाणी अजून गोल फिरत होतं,
मधोमध गाळ धरायला लागला होता.
ती थांबली नाही तिथे.
सूर्य मावळायला वीस मिनिटं होती
आणि यादीत पहिलं नाव
दुसऱ्याच कुणाच्या ताऱ्याचं होतं.