बाल्कनीचं माप

एजंट म्हणाला, बाल्कन्या तीन प्रकारच्या:
एकीसमोर लाइफबोट टांगलेली, म्हणून स्वस्त.
एक जहाजाच्या शेपटाकडे,
तिथून फक्त मागे पडलेलं पाणी दिसतं.
तिसरीचा भाव त्याने कागदावर लिहून सरकवला.

यांनी प्रेसमध्ये चौतीस वर्षं नोटा मोजल्या,
आकडा पाहून चेहरा हलत नाही.

रात्री इंदिरानगरच्या गच्चीवर
खडूने चौकोन आखला, साडेचार बाय सहा.
दोन खुर्च्या. गुडघ्याला गुडघा लागला.
समोर पांडवलेणीचा डोंगर,
मध्ये कुलथ्यांची पाण्याची टाकी.

"ही लाइफबोट," मी म्हटलं.
हसले नाहीत. उठून खुर्ची
फिरवून ठेवली, हायवेकडे तोंड करून.
ट्रकांचे लाल दिवे बारीक होत होत गेले.

"मागचीच घेऊ."

सकाळी खडू तसाच होता.
त्यात दोन किलोच्या कुरडया बरोबर मावल्या.