अजून

तिसा नदीच्या काठी, सेगेद शहरात,
तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या.
तीस दिवस इथंच राहायचं, असा कायदा.
मग न्यायाधीशबाई सही करतील
आणि आम्ही चौघं त्रिएस्तेला जाऊ.

विल्मोश चार वर्षांचा. त्याच्याकडे एकच शब्द: नेम.
त्याच्या भाषेत नेम म्हणजे नाही.
बुटाला नेम, दुधाला नेम,
आंबट चेरीच्या गार सुपाला नेम,
तिझियानोच्या दाढीला तर दुरूनच नेम.
एकही चुकत नाही.

किंगा सात वर्षांची. ती नाही म्हणत नाही,
ती मोजते.
रात्री टोपलीतला एक पाव उशीखाली ठेवते,
सकाळी तो आहे का बघते,
मग अर्धा भावाला देते, शिळा.
त्याच्या बुटाची नाडी तीच बांधते.
मी वाकले की माझा हात बाजूला सारते,
रागानं नव्हे,
भांडी घासताना लुडबुडणारं मूल सारावं तसा.

इल्दिकोनं दोघांना तीन वर्षं सांभाळलेलं.
निघताना तिनं चौकड्यांची चादर दिली,
म्हणाली, महिनाभर धुऊ नका.
नवव्या दिवशी तिझियानोनं धुतली.
भला माणूस, नीटनेटका.
डाग दिसला, धुतली.

त्या रात्री विल्मोश चादर नाकाशी धरून
हुंगत राहिला, हुंगत राहिला,
आणि मग जो रडला
त्यात एकही शब्द नव्हता,
नेमसुद्धा नव्हता.
खालच्या आजोबांनी काठीनं छत ठोकलं.
तिझियानो न्हाणीघरात बसून राहिला
साबणाचा डबा मांडीवर घेऊन.

दोन दिवसांनी बसच्या ड्रायव्हरबरोबर
इल्दिकोनं आपला ॲप्रन पाठवला.
कांदा, पापरिका, तिच्या अंगाचा घाम.
मी तो पोराच्या उशाशी ठेवला
आणि खरं सांगते, हेवा वाटला मला
एका कापडाचा.

शनिवारी बाजारात
प्लम विकणाऱ्या म्हातारीनं
माझ्याकडे हनुवटी करत त्याला काही विचारलं.
त्यातला अन्या मला कळला.
अन्या म्हणजे आई,
येताना गाडीतच पाठ केला होता.
विल्मोशनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं,
तराजूत घातल्यासारखं,
आणि म्हणाला, मेग नेम.

नेम ओळखीचा होता. मेग नव्हता.
तो नवा शब्द मी प्लमच्या पिशवीतून घरी आणला,
मंगळवारपर्यंत जपला
आणि दुभाषी पिरोश्का आली तेव्हा तिच्यापुढे ठेवला.
ती चहात साखर ढवळत होती. थांबली.
मेग म्हणजे अजून, ती म्हणाली.
मेग नेम, अजून नाही.

रात्रभर मी ते वाक्य उलटंपालटं करत होते.
नाही होतं तिथंच होतं,
पण त्याच्यासमोर कुणीतरी
एक स्टूल आणून ठेवलं होतं,
बसायला.

सव्विसावा दिवस. नदीकाठची बाग,
कड्या गंजलेला झोपाळा.
विल्मोश आपणहून चढला, माझ्याकडे पाठ करून.
मी तळहात टेकवला.
पाठ आक्रसली नाही.
ढकललं. झोका गेला, आला,
आणि वरून आवाज: मेग!
नुसतं मेग. मागे नेम नाही.
मेग! अजून.
मेग! अजून.
माझा खांदा भरून आला.
तिझियानो मदतीला पुढे झाला,
त्याला मात्र नेम.

उतरला तर नाडी सुटलेली.
किंगानं वाकून बांधली, दुहेरी गाठ, नेहमीसारखी.
मग सरळ उभी राहिली
आणि नदीकडे असं बघत,
जणू तिथून भलंमोठं जहाज चाललंय,
तिनं स्वतःचा उजवा पाय
माझ्यापुढे सरकवला.

नाडी घट्टच होती.
मी ती सोडली
आणि पुन्हा बांधली.