पाव सूत

भोसरीत, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती आली
तेव्हा गुगळेशेठ फोनवर होते.
त्यांनी हातानंच 'नाही' केलं,
म्हणजे वर्गणी नाही, नोकरीही नाही.
ती स्टूल ओढून बसली.
"सहा गिरण्या हव्यात. शेवटचा भाव बोला."

नीमा म्वाकालिंगा.
गाव म्बेया, टांझानिया. कोंढव्यात राहून बीकॉम.
तीन घरमालकांनी तोंड बघून
'आत्ताच गेली हो खोली' म्हटलेलं,
आणि त्या तीन दारांत उभ्याउभ्या
असं मराठी शिकलेली
की शेठनी फोन ठेवला.

पैसे मावश्यांच्या भिशीतले.
तिकडं मका पिकतो ढीगभर,
दळायला मात्र दोन डोंगर पलीकडं.
सहा गिरण्या, सहा गावं,
वर्गातली सहा पोरंपोरी, रिकामी बसलेली.
हे सगळं तिनं बिलाच्या पाठीमागं
आकड्यांत मांडलं. डिझेलसकट.

मग पर्समधून रुमाल काढला. गाठ सोडली.
मूठभर मका.
"दळून दाखवा."

पीठ तिनं चिमटीत घेतलं, घासलं,
"जाड आहे," म्हणाली.
शेठ म्हणाले, मशीन असंच येतं.
ती माझ्याकडं वळली:
"तुम्ही बनवता ना? तुम्हाला काय वाटतं?"

मी सिद्धोधन ओव्हाळ.
अकरा महिन्यांचा कॉन्ट्रॅक्ट, मग ब्रेक, मग पुन्हा अकरा.
असे सात ब्रेक झाले माझे.
तबकडी पाव सूत आत हवी,
हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं.
विचारलं कुणी?

पाना घेतला. पाव सूत.
दुसऱ्यांदा पडलं ते पीठ
तिच्या बोटांना चिकटलं, हळदीसारखं.
ती हसली नाही. पेन काढून
भावातले चार हजार आधी कापून घेतले,
मग सही.

जाताना म्हणाली, पासपोर्ट काढा.
तीन महिने या. पोरांना दुरुस्ती शिकवा.
पगार लिहून देते.
शेठ म्हणाले, बघू. मी काहीच म्हणालो नाही.

रात्रपाळीत सहाही खोकी बंद करण्याआधी
झाकणाच्या आतल्या बाजूला,
जिथं फक्त उघडणाराच बघतो,
खुणेच्या सुईनं कोरलं:
पाव सूत आत. एक बाण.
आणि शेठच्या पाटीहून बारीक अक्षरांत
माझं नाव, आडनावासकट.