चुलवाणातला दगड

गुऱ्हाळ मोडायला घेतलं तेव्हा आधी काहील विकली.
भंगारवाल्यानं ती आडवी करून ट्रॉलीत घातली
आणि ती रस्ताभर वाजत गेली.
रिकामी असली की एवढी बोलते
हे आम्हाला तीस हंगामांत कळलं नव्हतं.

मग चुलवाण.
विटा हातानं सुटल्या. माती भाजून लाल, भुसभुशीत.
आणि तोंडाशी, जिथं बसून केरबाआप्पा
चिपाडं आत सारायचे,
थंडीत पाठ शेकत, विडी कानाला लावून,
तिथं एक उभा दगड. पाठ बाहेर, तोंड जाळाकडं.
ओढून फिरवला
तर काजळीच्या आत कुणीतरी होतं.

मेहबूब शिकलगार विद्यापीठातून आला,
मोटरसायकलवर, खिशात दोन ब्रश.
म्हणाला, वीरगळ. शिलाहारांच्या वेळची असंल.
त्याला साबण नको, सोडा नको,
तारेची घासणी तर बघायलाच नको.
नुसत्या पाण्यानं दुपारपर्यंत बसला.
काजळी हलली नाही.

आई उठली.
परड्यातली रानभेंडी मुळासकट उपटली,
ठेचली, बादलीत घोळली,
आणि रसावरची मळी ज्यानं वर काढायची
त्याच बुळबुळीत पाण्यानं पुसू लागली.
"गुळाला चालतंय, मग ह्याला का न्हाई?"
मेहबूब काही बोलला नाही.
वहीत मात्र लिहिलं.

गाई आधी आल्या.
चार. पाचवीचं नुसतं शिंग.
त्यांच्या पुढ्यात आडवा पडलेला माणूस, ढाल अजून हातात.
वर दोघीजणी त्याला दंडाला धरून नेतायत,
लग्नाला उशीर झाल्यासारख्या, घाईनं.
त्याच्या वर पिंड, आणि तो हात जोडून बसलेला.
शेंड्याला चंद्र, सूर्य.
नाक नव्हतं. ते आमच्या जाळानं नेलं
की त्याच्याही आधी कुणी, मेहबूबला सांगता येईना.

आप्पा लांबच उभे.
"तुझ्या आजानं आणला," म्हणाले,
"वरल्या माळावर हुता. नाचणीत.
कुळवाला आडवा यायचा.
पाण्याची स्कीम आली, ऊस आला,
मग काढला."

म्हणजे नाचणी, सावा, वरी
एवढी वर्षं त्याला वळसा घालून उगवत होत्या.
उसाला वळसा जमत नाही.
सरी सरळ लागते.

मी कारखान्यात काट्यावर बसते.
आमच्या माळाचा ऊस माझ्याच समोर तोलला जातो,
गाडी भरलेली, गाडी रिकामी, वजाबाकी.
त्यात दगड कुठं धरायचा
असला विचार मी पावती फाडताना करत नाही.
त्या आठवड्यात केला.

रात्री धाकट्याचा फोन, किन्नौरहून.
त्याच्या चौकीखालच्या गावात
जवाच्या पायऱ्या मोडून सफरचंद लावलंय, म्हणाला.
बांधात एक देवाचा खांब निघाला,
एका म्हातारीनं तो झाडाखाली उभा केलाय.
नैवेद्याला जवाचंच पीठ लागतं.
ते ती आता दुकानातनं पुडीत आणते.
मी त्याला आपल्या दगडाचं सांगितलं.
मग दोन्हीकडं थोडा वेळ नुसती खरखर.

गावाला तो देवळात हवाय, वर ऑइलपेंट मारून.
मेहबूब म्हणतो थांबा, कागद येईल.
कागद अजून वाटेत आहे.
तोवर दगड आमच्या सोप्याला टेकून,
भेंडीच्या वासाचा, अर्धा काळा.
भोगावतीवरनं वारं सुटलं की
आप्पा संध्याकाळचे येतात,
सवयीनं त्याला पाठ लावून बसतात,
विडी कानावरनं काढतात,
आणि पेटवायच्या आतच सरकतात थोडे.

"गार लागतंय," म्हणतात.