अर्धी पट्टी

तुर्भ्याच्या दवाखान्यात, तळमजल्यावर,
एक्स-रेच्या खोलीला लागून माझं टेबल.
पाटीवर 'तंबाखू मुक्ती केंद्र'.
'मुक्ती' पुसट झालंय, 'तंबाखू' मात्र ठळक.
सोमवार आणि शनिवार, दहा ते एक.

मी सिस्टर भगत. पट्टी लावायला शिकवते:
केस नसलेली जागा, कोरडी कातडी,
तळहातानं दहा आकडे दाबून धरायची,
पोराचा ताप बघतो तसं.
आज डावा दंड, उद्या उजवा, मग छाती,
मग पाठ. पाठीला घरचं कुणी लागतं.
इथं काही जण गप्प होतात.

जोतीराम खुडे, वय एकावन्न,
कांदा-बटाटा मार्केट, माथाडी.
दोन बोटांना पिवळा डाग,
हळदीसारखा, पण न जाणारा.
रोजची अडीच बंडलं.
"हिच्यातनं धूर निघतो का?"
नाही निघत, म्हटलं, तीच तर गंमत.
"मग हाताला काय सांगू?"

याचं उत्तर छापील पत्रकात नाही.

पहिल्या आठवड्यात पट्टी घामानं सुटली.
दुसऱ्यात स्वप्नं पडली,
रात्री काढली नाही की पडतात, सांगितलं होतं मी.
म्हणे अख्खं मार्केट रिकामं,
कांद्याचं एक टरफल नाही
आणि हा झाडतोय, झाडतोय.

तिसऱ्या शनिवारी सदरा वर केला
तर छातीवर पट्टी अर्धीच.
कात्रीनं कापलेली, कड सरळ,
वरून खोक्यांना लावतात ती तपकिरी चिकटपट्टी.

"खुडे, ही कापायची नसते!"
औषध वाया जातं, मात्रा चुकते —
मी एवढी ओरडले
की एक्स-रेला बसलेल्या बायका वळून बघायला लागल्या.
"उरलेली अर्धी कुठाय?"

त्यानं दाराकडे पाहिलं.

दाराशी इलाही मुलाणी,
त्याच गावचा, त्याच टोळीतला,
चपला हातात घेऊन उभा.
केसपेपर नाही, काही नाही.
त्यानं बाही वर सारली.
उरलेली अर्धी तिथं.

"रागावू नगा सिस्टर.
अठ्ठावीस वर्सं एकच बिडी दोघांत वडली.
चार झुरकं ह्येचं, चार माजं.
आता ह्यो एकटाच सुटला
तर मी कुणासंगं बसू?"

मला बोलायचं होतं बरंच.
एकवीस मिलिग्रॅम भागिले दोन,
साठा, मागणीपत्र, नियम.
घणसोलीला माझ्या घरी
आई अजून मशेरी भाजते,
मी ड्युटीवर असताना, खिडक्या लावून.
तिला मी डबी लपवून पाहिलं, रागावून पाहिलं.
दुपारी ती कुणासंगं बसते
हे कधी विचारलं नाही.

रजिस्टर पुढं ओढलं.
नाव? इलाही दस्तगीर मुलाणी.
वय?
दोघं एकमेकांकडे बघत राहिले.
"ह्याच्या एक इयत्ता मागं," जोतीराम म्हणाला.
मी पन्नास लिहिलं.
दोन पाकिटं दिली. सोमवारी
तिसरा कुणी आला तर त्याला काय देऊ,
ते सोमवारी बघू.

एक वाजता टेबल आवरताना
खिडकीतून दिसले,
बाहेरच्या बाकड्यावर, नळाशेजारी.
पाळी संपलेली, उद्या मार्केट बंद, पाठ मोकळी.
जोतीराम सदरा मानेपर्यंत गोळा करून वाकलेला,
आणि इलाहीचा तळहात त्याच्या पाठीवर,
अख्ख्या पट्टीवर.
मोठ्यानं मोजत होता, मापं मोजतात तसं:
लाभ, दोन, तीन, चार —

चारला थांबला. सवयीनं.

मग पुढचे जोतीरामनं मोजले,
पाच, सहा, सात, आठ.
आणि नऊ-दहा कुणाचे
यावरून भांडता भांडता
दोघं हसायला लागले, खोकेपर्यंत.