खतावणी

पेपरचा पोरगा म्हणाला, काका, एक पान पुरे,
कार्य थोडक्यात सांगा, फोटो आम्ही लावतो.
मी लाल कापडाच्या वह्या काढल्या.
फतेचंदजी पचेरियांच्या खाजगी, ब्याऐंशी सालापासूनच्या.
डिंकाचा वास अजून जात नाही.

पहिल्या पानावर झाड नाही.
कोळसा आहे. अठरा ट्रक, उमरेड ते कोराडी,
फेऱ्या, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता.
हे पोराला सांगितलं नाही.

तिसऱ्या वहीत नाग नदी येते.
नमुन्याच्या बाटल्या शंभर, बुचांसह.
शेठजी स्वतः उतरले पुलाखाली, धोतर खोचून,
आणि लोक कठड्यावरून वाकून बघत राहिले
की पैसेवाल्याचं असं काय हरवलं.

हायकोर्टाच्या तारखा एकशे सेहेचाळीस.
वकील, झेरॉक्स, झेरॉक्स, झेरॉक्स.
दर हिवाळी अधिवेशनाला एक मोर्चा:
मांडव, पाण्याचे कॅन, तर्री-पोहे तीनशे प्लेट,
त्यातल्या साठ बंदोबस्तावरच्या पोलिसांना.
"उपाशी माणूस काठी जोरात हाणते, धापोडकर."

निवडणुकीच्या सालात दोन पाकिटं,
एक यांना, एक त्यांना, रक्कम सारखी.
मी म्हटलं, काहून शेठजी?
"झाडाले कोणता पक्ष असते?"
उत्तर फार आवडलं मला.
सायकलवर घरी जाताना, गोळीबार चौकात,
लक्षात आलं
ट्रकालाही नसतो.

मग ती मोजणी. कॉलेजची चाळीस पोरं,
चुन्याची बादली, ब्रश, रोज दोनशे रुपये.
कळमन्यापासून पारडीपर्यंत प्रत्येक खोडावर आकडा.
सहाशे बारा नंबरची चिंच निघाली
आमच्याच गोदामाच्या आवारात.
ट्रेलर वळत नव्हता म्हणून कमलेशबाबूंनी
एका रात्रीत पाडली.
सकाळी शेठजी आले. बुंध्यावर बसले.
चहा आला, थंड झाला, परत गेला.
मग म्हणाले, लिही:
महानगरपालिकेस तक्रार,
विरुद्ध मेसर्स पचेरिया रोडवेज.
मी लिहिली. प्रत काढली.
आणि उठून पलीकडच्या टेबलावर जाऊन
मीच ती आवक केली, शिक्का मारला,
कारण रोडवेजचं आवक रजिस्टरही माझ्याकडेच.
दंड भरला. बाप-लेक दोन वर्षं
एका ताटावर बसले नाहीत.
हे सगळं तेव्हा छापून आलं होतं.

जे आलं नाही ते असं:
राखेच्या तळ्याकाठी माझी मावशी राहायची.
दोरीवरचं पांढरं लुगडं दुपारपर्यंत उंदरी व्हायचं.
खोकायची, खोकता खोकता हसायची,
म्हणायची, फुकटची पावडर हाय, लावून घे.
एकदा शेठजींना सांगितलं. एकदाच.
त्यांनी खण उघडला, चेक लिहिला,
दवाखान्याच्या नावानं, रक्कम मोठी.
ट्रकांचं त्यांनी काढलं नाही.
मीही नाही काढलं.
माझा पगार त्याच खात्यातून निघायचा.
चेकची नोंद आहे. खोकल्याला रकाना नव्हता.

गेल्या मे महिन्यात, नाकात नळी,
बाहेर शेहेचाळीस डिग्री, कूलर घरघरतोय,
मला जवळ बोलावून म्हणाले,
शिल्लक काय निघते?
म्हटलं, शेठजी, ताळा जमत नाही.
डोळे मिटून हसले.
"जमवू नको."

पोराला मी चिंचेच्या तक्रारीचं पान दिलं.
त्यानं खिडकीजवळ धरून मोबाइलवर टिपलं.
कागद पातळ. मागच्या बाजूला
त्याच महिन्याच्या कोळशाच्या फेऱ्या,
माझ्याच अक्षरात, उलट्या उमटलेल्या.
काका, हे मागचं पुसट दिसतंय,
काढून टाकू? होतं मोबाइलमध्ये.

म्हटलं, राहू दे.